पालकाला दिलेला मान मेथीचा आहे

“रक्त कमी आहे ना, मग पालक खात जा.” लातूर-नांदेडकडच्या बाईने हे वाक्य कुठे ऐकलेलं नसतं? गरोदरपणाच्या तपासणीत ऐकलेलं असतं, आरोग्य शिबिरात ऐकलेलं असतं, बचत गटाच्या बैठकीत, शेजारणीच्या ओट्यावर, आणि मोबाईलवर रोज येऊन पडणाऱ्या सल्ल्यांत तर हमखास. याच सल्ल्याची दुसरी बाजू मेथीबद्दल बोलते. मेथी कडू, मेथी वातावर बरी, साखरेच्या आजाराला बरी, बाळंतिणीला दूध येण्यासाठी बरी. पण ताकद म्हणाल, रक्त म्हणाल, तर पालकच.

मला हे मान्य नाही. लोह आणि कॅल्शियम या ज्या दोन गोष्टींसाठी पालकाचं नाव घेतलं जातं, त्या दोन्हींत मेथी पालकाच्या पुढे आहे. मराठवाड्यात या दोन भाज्या ज्या रीतीने ताटात येतात ती रीत हिशेबात धरली, तर हे अंतर आणखी वाढतं.

दोन भाज्यांवरून एवढं भांडायचं कारण रक्तक्षय. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. पाच वर्षांखालच्या मुलांत पाचव्या पाहणीत तो ६८.९ टक्के निघाला. म्हणजे निम्म्याहून जास्त बाया थकलेल्या, धाप लागणाऱ्या, आणि त्यांच्या हातात आपण देतो काय, तर एका भाजीचं नाव. ते नाव तरी बरोबर असायला हवं की नको?

आधी आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे नवे तक्ते प्रसिद्ध केले. देशाचे सहा विभाग पाडून नमुने गोळा केले आणि ५२८ खाद्यपदार्थ तपासले. त्यात १०० ग्रॅम पालकात लोह २.९५ मिलिग्रॅम आहे आणि १०० ग्रॅम मेथीत ५.६९, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कॅल्शियम पालकात ८२ मिलिग्रॅम, मेथीत २७४. हे तिपटीहून जास्त. क जीवनसत्त्व पालकात ३० मिलिग्रॅम, मेथीत ५८. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं ते बीटा कॅरोटिन पालकात अडीच हजार मायक्रोग्रॅमच्या थोडं वर, तर मेथीत नऊ हजारांच्या वर. प्रथिनं पालकात दोन ग्रॅमच्या आसपास, मेथीत साडेतीनच्या वर. मेथी शेंगवर्गातली, हरभऱ्या-तुरीच्या गोतातली आहे, तेव्हा यात नवल नाही.

एका बाबतीत पालक स्पष्ट पुढे आहे. फोलेट, म्हणजे गरोदर बाईला ज्याची गोळी देतात ते फॉलिक आम्ल, पालकात १४२ मायक्रोग्रॅम आहे आणि मेथीत साधारण त्याच्या निम्मं. रक्तपेशी तयार व्हायला फोलेट लागतं, ही गोष्ट मी नाकारत नाही. पण पालकाची शिफारस करणाऱ्या कुणाच्या तोंडी फोलेट हा शब्द असतो का? सगळे बोलतात ते लोहाबद्दल. शिवाय फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नासतं. पालक भरपूर पाण्यात उकडायचा, ते हिरवं पाणी मोरीत ओतायचं आणि उरलेला चोथा मिक्सरला लावायचा, ही आता घरोघरची पद्धत झाली आहे. पालकाचा जो खरा गुण, तोच मोरीत जातो.

कुणी म्हणेल, एका तक्त्यावर किती विसंबायचं? आक्षेप रास्त आहे, कारण पालेभाज्यांतल्या लोहाचे आकडे आपल्याकडे पिढीगणिक बदललेत. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं पुस्तक देशभरच्या आहारतज्ज्ञांच्या टेबलावर कित्येक वर्षं होतं. त्याच्या जुन्या तक्त्यात पालकात लोह १०.९ मिलिग्रॅम आणि मेथीत १६.५ दिलं होतं. पुढे मोजण्याच्या पद्धती सुधारल्या, पानाला चिकटलेल्या माती-धुळीतलं लोह वेगळं काढता येऊ लागलं, आणि सुधारित आवृत्तीत हेच आकडे पालकाला १.१४ आणि मेथीला १.९३ असे खाली आले. २०१७ मध्ये पुन्हा २.९५ आणि ५.६९. आकडे दहावरून एकावर आले, एकावरून तीनवर गेले. पण तिन्ही वेळा मेथी वर आणि पालक खाली, हा क्रम एकदाही पालटला नाही. ज्याला पालक श्रेष्ठ म्हणायचं असेल त्याने या तिन्हींपैकी एक तरी तक्ता पुढे ठेवावा. जुन्या पुस्तकातला तो १०.९ चा आकडा आजही तक्त्यांतून, भित्तिपत्रकांतून उतरवला जातो. उतरवणारा त्याच पानावरची मेथीची ओळ मात्र सोडून देतो.

पालकाचा हा दबदबा आला कुठून, याची एक गोष्ट सांगितली जाते. जर्मनीतल्या कुणा शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकीच्या जागी टाकलं, पालकातलं लोह दहापट झालं आणि त्यावरून पोपाय नावाचा पालक खाणारा खलाशी जन्माला आला, अशी ती गोष्ट. पालकावर टीका करणारे ती मोठ्या आवडीने सांगतात. १९८१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टी. जे. हॅम्ब्लिन यांनी ती लिहिली आणि तिथून ती सगळीकडे पसरली. २०१० मध्ये माइक सटन यांनी मुळापर्यंत जाऊन तपासलं, तेव्हा अशा दशांशचुकीचा पुरावाच मिळाला नाही. पोपायचे चित्रकार एल्झी सेगर यांनी तर १९३२ च्या एका चित्रपट्टीत पालक अ जीवनसत्त्वासाठी खातो असं पोपायच्याच तोंडी घातलं होतं. लोहाचा त्यात संबंध नव्हता. तेव्हा पालकाविरुद्ध बोलताना ही दंतकथा पुरावा म्हणून कुणी वापरू नये. खरा पुरावा हाताशी असताना तिची गरजही नाही.

तो खरा पुरावा असा. भाजीत लोह किती आहे हा एक प्रश्न, आणि त्यातलं अंगी किती लागतं हा वेगळा प्रश्न. दक्षिण आफ्रिकेत गिलूली आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली वेगवेगळ्या भाज्यांतलं लोह प्रत्यक्ष रक्तात किती उतरतं ते मोजलं. प्रयोगातल्या स्त्रिया भारतीय वंशाच्या, लेकुरवाळ्या होत्या, म्हणून हा अभ्यास आपल्याला जवळचा. त्यात पालकातलं लोह जेमतेम दीड टक्का अंगी लागलं. कोबी, फुलकोबी, टोमॅटो, भोपळा यांतलं वीस ते तीस टक्क्यांच्या घरात. पालकाचा नंबर वांग्याच्या शेजारी, तळाला. आता १०० ग्रॅम पालकातल्या २.९५ मिलिग्रॅमचा दीड टक्का काढून बघा. हाती येतं ते ०.०४ मिलिग्रॅम. यावर रक्त वाढेल असं कुणाला सांगायचं?

त्या प्रयोगात मेथी नव्हती, आणि मेथीतही लोहाला अडवणारी द्रव्यं आहेत. म्हणून मेथीतलं लोह सगळंच्या सगळं अंगी लागतं, असं मी म्हणत नाही. पण कॅल्शियमच्या बाबतीत चित्र स्वच्छ आहे. पालकात ऑक्झलेट भरपूर असतं आणि ते कॅल्शियमला घट्ट बांधून ठेवतं. १९८८ साली अमेरिकेत हीनी आणि वीव्हर यांनी मोजलं तेव्हा पालकातलं कॅल्शियम सुमारे ५ टक्के शोषलं गेलं, दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास. मेथीत ऑक्झलेट पालकाच्या मानाने फार कमी असतं. मुतखड्याच्या रोग्याला डॉक्टर पालक बंद करायला सांगतात ते याच ऑक्झलेटमुळे, आणि लातूर-नांदेडच्या उन्हात, जिथे माणूस दिवसभर घाम गाळतो आणि पाणी कमी पितो, तिथे हा इशारा हलक्याने घेण्यासारखा नाही. ढाब्यापासून हॉटेलापर्यंत पालक-पनीर ही ताकदीची भाजी म्हणून मागवतात. पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला अडवतं आणि पनीरमधलं कॅल्शियम लोहाला. चवीसाठी खायचं असेल तर जरूर खावं, रक्तासाठी नको.

पालकाच्या बाजूने मला एकच युक्तिवाद वजनदार वाटतो, आणि तो गृहिणींचा आहे. मेथीची जुडी आणली की मुळं, जाड देठ, पिवळी पानं काढता काढता निम्मी जुडी बाजूला पडते. पालकाचं मात्र देठासकट सगळं कढईत जातं. मग १०० ग्रॅम निवडलेल्या पानांचा हिशेब बाजारहाट करणाऱ्या बाईच्या काय कामाचा? चला, तिच्या पिशवीचा हिशेब करू. दोन्ही पाव-पाव किलो आणल्या. मेथीची निवडलेली पानं सव्वाशे ग्रॅम धरली तर लोह सात मिलिग्रॅमच्या वर मिळालं. पालकातून वीस-तीस ग्रॅमच वाया गेलं असं धरलं तरी लोह साडेसहाच्या आसपास. म्हणजे देठांचं सगळं नुकसान सोसूनही लोहात मेथी मागे पडत नाही. कॅल्शियममध्ये तर निम्मी फेकलेली मेथी पालकाच्या जवळजवळ दुप्पट भरते, आणि अंगी लागण्याचा हिशेब त्यात अजून धरलेलाच नाही. निवडायला वेळ जातो, हे खरं. तो वेळ घरातल्या एकट्या बाईच्याच माथी का, हा प्रश्न मात्र मेथीला विचारून उपयोग नाही, घरातल्या बाकीच्यांना विचारायला हवा.

आता ताटाकडे येऊ, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं. कुठलीही एक पालेभाजी ते पुरवू शकत नाही, मेथीही नाही. मग लोह येतं कुठून? मराठवाड्यात ते भाकरीतून येतं. १०० ग्रॅम ज्वारीत ३.९५ मिलिग्रॅम लोह असतं, बाजरीत ६.४२. दिवसाकाठी ३०० ग्रॅम ज्वारी खाणाऱ्या बाईला भाकरीतून जवळजवळ १२ मिलिग्रॅम लोह मिळतं. तिच्या वाट्याला येणाऱ्या भाजीत याच्या पावपटही नसतं. पण ज्वारी-बाजरीत फायटेट असतं आणि ते लोहाला धरून ठेवतं. ही पकड सैल करायचं काम क जीवनसत्त्व करतं. तेव्हा भाकरीसोबतच्या भाजीला विचारायचा खरा प्रश्न असा, की तू स्वतः किती लोह आणलंस यापेक्षा, भाकरीतलं लोह अंगी लावायला काय आणलंस?

या प्रश्नावर पालक आपल्याकडे गप्प बसतो, कारण मराठवाड्यात पालक कच्चा कुणी खात नाही. तो शिजतो, घोटला जातो, डाळीत गरगटला जातो, आणि त्यात असलेलं थोडं क जीवनसत्त्व चुलीवरच संपतं. मेथी मात्र आपण कच्ची खातो. घोळाणा हा पदार्थ ज्याने केला आहे त्याला हे सांगायला नको. कोवळ्या मेथीची पानं खुडायची, तीन पाण्यांतून काढायची, कारण काळ्या मातीचा कण पानाच्या बेचक्यात दडून बसलेला असतो आणि दाताखाली आला की सगळी चव जाते. पाणी निथळलं की पानं जाडसर चिरायची. त्यात कांदा, दाण्याचा भरड कूट, तिखट, मीठ, आणि वरून करडईच्या कच्च्या तेलाची धार. हाताने हलकं घोळवायचं आणि पानं माना टाकायच्या आत भाकरीसोबत वाढायचं. वर लिंबू पिळलं तर सोन्याहून पिवळं. क जीवनसत्त्व शाबूत, तेलामुळे बीटा कॅरोटिन अंगी लागायला मदत, दाण्यांमुळे प्रथिनांत भर, आणि हे सगळं ज्वारीच्या त्याच घासात. रानात न्याहारीला बसलेल्या माणसांनी हे जेवण ठरवलं, आणि पोषणशास्त्राची आजची कसोटी लावली तरी ते उतरतं.

इथे मेथीच्या बाजूच्यांनाही दोन शब्द ऐकवायला हवेत. कडूपणा जावा म्हणून मेथीला मीठ चोळून तिचं पाणी पिळून टाकण्याची रीत आहे. त्या पाण्यासोबत क जीवनसत्त्व आणि फोलेट दोन्ही जातं. मग उरते ती हिरवी चिंधी. मेथी झाकण न घालता काळी पडेपर्यंत परतणं हाही तसाच प्रकार. कडू लागतच असेल तर कांदा आणि कूट वाढवावा, मुगाची डाळ घालावी, पण पिळू नये. आणि दोन्ही बाजूंच्या लोकांची एक सामाईक खोड म्हणजे जेवण झालं की लगेच चहा. १९७५ साली डिस्लर आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं, की भात आणि बटाट्या-कांद्याच्या रश्शाच्या जेवणातलं लोह १०.८ टक्के शोषलं जात होतं, सोबत चहा घेतला तेव्हा ते २.५ टक्क्यांवर आलं. मेथी खा की पालक, वरून कपभर चहा ओतला तर वाद घालण्यात अर्थच उरत नाही. तास-दीड तास थांबावं.

आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असली भाषा मला आवडत नाही; त्यांच्याही बाया रक्ताविना झिजल्या. पण वेळ अमावास्येचं जेवण नीट पाहण्यासारखं आहे. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला लातूर शहराचे रस्ते ओस पडतात, सगळं गाव शेतात जातं. लातूर-धाराशिवात आणि लगतच्या नांदेडच्या तालुक्यांत हा सण येळवस म्हणून ओळखला जातो. भज्जीत मेथी-पालक दोन्ही पडतात, सोबत हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे ओले दाणे, बोरं, चिंच. पिण्याला आंबील, म्हणजे ज्वारी ताकात आंबवलेली. आंबवल्याने ज्वारीतलं फायटेट कमी होतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल हे लोहाच्या शोषणाला मदत करणाऱ्या आम्लांपैकी एक. आणि लातूर जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती चिंच तर दाराशीच पिकते. या ताटातून एकटी भाजी उचलून तिला रक्तवाढीचं श्रेय द्यायचं ठरवलं तर ते कुणाला देणार? काम पंगत करते. पालकाचा प्रचार करणाऱ्यांची मूळ चूक इथेच आहे: ते भाजी ताटातून बाहेर काढून तोलतात.

आणि ताटातून बाहेर काय गेलं ते बघतच नाहीत. गेल्या दोन-तीन दशकांत लातूर-नांदेडच्या शिवारात सोयाबीन पसरलं आणि ज्वारी आकसली. रेशनला तांदूळ आणि गहू मिळतो. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह ०.६५ मिलिग्रॅम. ३०० ग्रॅम ज्वारीच्या जागी ३०० ग्रॅम तांदूळ आला की रोजचं सुमारे दहा मिलिग्रॅम लोह कमी झालं. ते आकड्यात भरून काढायला रोज साडेतीनशे ग्रॅम पालक लागेल, घरातल्या प्रत्येक माणसाला. तांदळात फायटेट कमी, म्हणून त्यातलं लोह तुलनेने बरं शोषलं जातं, हे मान्य. पण मुळात नसलेलं लोह शोषणार कसं? भाकरी गेली त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही आणि बाईला मात्र पालक खायला सांगायचं, हा सल्ला नेमका सोप्या जागी बोट ठेवतो.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी आणली, २०१८ साली. त्यांच्या तुलनेत साध्या ज्वारीत लोह किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास धरलं आहे, वरच्या तक्त्याहून कमी, आणि हिच्यात ४५. जस्त २० च्या जागी ३२. आणि फायटेट कमी. आपल्याच विद्यापीठातलं, आपल्याच मातीसाठी केलेलं हे वाण. रक्तक्षयावर बोलणाऱ्या किती भाषणांत हिचं नाव येतं? पालकाचं चित्र भिंतीवर काढणं सोपं आहे. हे बियाणं शेतापर्यंत आणि त्याचं पीठ अंगणवाडीपर्यंत नेणं कष्टाचं आहे. पण लोह तिथे आहे.

ज्याला खरोखर रक्तक्षय आहे त्याच्याशी तर भाजीची भाषा बोलणंच चूक आहे. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला रोज दिली जाणारी गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची असते, सोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. ६० मिलिग्रॅम लोह म्हणजे दोन किलो पालक, आणि तोही तक्त्यातला, अंगी लागणारा नव्हे. गोळीने शी काळी होते, मळमळतं, म्हणून बाया ती लपवून ठेवतात किंवा टाकून देतात. शी काळी होणं धोक्याचं नाही, मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घ्या, चहासोबत नको, एवढं समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांच्या जागी “पालक खात जा” म्हणून बाईला वाटेला लावलं जातं, माझा खरा राग यावर आहे. हिमोग्लोबिन तपासा, गोळी का घेत नाही ते विचारा, पोटात जंत आहेत का, पाळीत रक्त फार जातं का ते बघा. भाजी त्यानंतर.

नांदेडच्या मुखेड-कंधारकडून आणि लातूरच्या डोंगराळ भागातून दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. मेथीचा बहर नेमका थंडीतला. त्याच महिन्यांत शेतात सऱ्या-वाफ्यांत मेथी इतकी येते की भाव पडून जुड्या फेकाव्या लागतात, आणि ज्या बाईला ती सगळ्यात जास्त हवी, ती पहाटे चारला उसाच्या फडात कोयता घेऊन उभी असते. तिच्या पालात भाजी म्हणजे बटाटा, नाहीतर नुसती चटणी. तिच्यापुढे पालक श्रेष्ठ की मेथी हा वाद मांडण्याची माझी हिंमत नाही. कारखान्याच्या तळावर गोळ्या पोचतात का, तपासणी होते का, हे तिच्या बाबतीत आधी विचारायला हवं. घरी राहणाऱ्या बाईच्या बाबतीतही, कढईतली शेवटची पळी जिच्या वाट्याला येते तिला शंभर ग्रॅमचे तक्ते वाचून दाखवण्याआधी, तिच्या ताटात शंभर ग्रॅम पडतात का ते बघावं.

राहता राहिला हंगामाचा मुद्दा. पालक बारमाही, एकदा पेरला की तीन-चार कापण्या देतो. मेथी उपटली की संपली, उन्हाळ्यात फुलावर जाते, पावसाळ्यात सडते. हे बरोबर आहे. पण पालकालाही पाणी लागतं, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलेल्या लातुरात उन्हाळी पालकाच्या भरवशावर आरोग्याचा सल्ला बेतता येत नाही. सप्टेंबरच्या पोषण महिन्यात शिवारात अंबाडी असते, माठ-तांदुळजा असतो. ती नावं घ्यावीत. १०० ग्रॅम माठात लोह ४.६४ मिलिग्रॅम, पालकाहून कितीतरी जास्त. आणि उन्हाळ्यासाठी शेवगा. त्याच्या पाल्यात लोह ४.५६ मिलिग्रॅम, कॅल्शियम ३१४, क जीवनसत्त्व शंभराच्या वर, बीटा कॅरोटिन साडेसतरा हजार. झाड परसात उभं असतं, त्याला वेगळं पाणी लागत नाही. आपण शेंगा उतरवतो आणि पाला शेळीपुढे टाकतो. कोवळा पाला खुडून शिजत्या तुरीच्या डाळीत शेवटच्या पाच मिनिटांत टाकावा, किंवा चिरून धपाट्यांच्या पिठात मळावा. ज्वारीच्या पिठात तीळ, लसूण आणि तिखटासोबत तो मळला की उग्र वास जाणवत नाही, आणि पालेभाजीला तोंड वाकडं करणारी मुलंही ते धपाटे दह्यासोबत खातात.